पाहुण्याचा पहिला गळ

१९९५ च्या जून महिन्यात लहू रामटेके यानं आपल्या बापासाठी रबरी पाटलोण विकत घेतली. छातीपर्यंत येणारी, खाली बूट जोडलेली. कंबरभर पाण्यात उभं राहून मासे धरणारे लोक घालतात तसली. मोठ्या माणसांच्या मापात बापाच्या अंगाला येईल अशी एकही नव्हती, म्हणून दुकानातल्या बाईनं त्याला पोरांच्या कपड्यांकडे नेलं आणि विचारलं, "मुलगा केवढा आहे?"

"ऐंशीचा," लहू म्हणाला.

बाई हसली, तसा लहूही हसला. त्या दिवसांत त्याला कशाचंही हसू येत होतं. हेरॉन नदीच्या काठातला अठरावा हिस्सा तीनच आठवड्यांपूर्वी त्याच्या नावावर झाला होता.

लहू मूळचा भंडारा जिल्ह्यातला, साकोलीकडच्या एका खेड्याचा. नागपुरात आयटीआय करून टर्नर झाला, एका कारखान्यात लागला, आणि सुजाताशी लग्न झालं तेव्हा त्याला ठाऊकही नव्हतं की या बाईच्या नर्सिंगच्या सर्टिफिकेटाला धरून आपण सात समुद्र ओलांडणार आहोत. चौऱ्याहत्तर साली दोघं अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला आले. सुजाता हॉस्पिटलात रात्रपाळ्या करू लागली आणि लहू विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभा राहिला. वर्कशॉप तळघरात होतं. वर प्रोफेसर लोक शोध लावायचे, आणि त्या शोधांना लागणाऱ्या नळ्या, नट, झाकणं, चकत्या खाली लहू घडवायचा. आपण नेमकं कशाचं झाकण बनवतो हे त्याला वीस वर्षांत कुणी सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही.

त्याच तळघरात पलीकडच्या खोलीत एर्नी डेक्कर काच फुंकायचा. उंच, वाकलेला, गालफडं बसलेला माणूस. ज्योतीसमोर काचेची नळी फिरवत फुंकर घालायचा आणि नळीला पोट यायचं. लहूला ते बघताना गावच्या कुंभाराची आठवण व्हायची. एर्नीच्या जिभेवर 'लहू' काही बसलं नाही, तो 'लू' म्हणायचा. दुपारचा डबा दोघं एकत्र खायचे. एर्नीला सुजाताच्या हातची लसणाची चटणी इतकी आवडली की तो पावाला लोण्याऐवजी तीच लावायचा, नाक गळायचं तरी थांबायचा नाही.

एर्नीचे आजे-पणजे हॉलंडकडचे, मिशिगनच्या पश्चिम अंगाला येऊन वसलेले. तिकडेच हेरॉन नदी. नदी म्हणजे काय, आपल्याकडचा बरा नाला म्हणा, पण पाणी बारमाही आणि आरशासारखं. पन्नास साली एर्नीच्या बापानं आणि आणखी सतरा जणांनी मिळून त्या नदीचा दीड मैलाचा काठ विकत घेतला. आधी ते ट्राउट धरायचे. पुढं सरकारनं मिशिगनच्या समुद्राएवढ्या तळ्यात सामन जातीचा मासा सोडला, आणि सप्टेंबर लागला की हातभर लांबीचे सामन त्या मोठ्या तळ्यातून उलटे नदीत चढू लागले. "हे मासेही इथले नाहीत, लू," एर्नी सांगायचा. "यांची अंडी पार पश्चिम किनाऱ्यावरून आणली. तुझ्या आधी सात-आठ वर्षं आलेत, एवढंच. तेव्हा त्यांच्यासमोर जरा अदबीनं."

अठरा जणांच्या त्या मंडळीला ते सिंडिकेट म्हणायचे. पाइनच्या झाडीत एक लाकडी केबिन होती. भिंतीवर अठरा खुंट्या, प्रत्येक खुंटीखाली पितळी पट्टी, पट्टीवर नाव. टेबलावर जाडजूड वही. आलेल्यानं तारीख लिहायची, सभासदाच्या रकान्यात आपलं नाव, पुढच्या रकान्यात पाहुण्याचं, संध्याकाळी शेवटच्या रकान्यात किती मासे. हिस्सा बाजारात विकायचा नाही. माणूस मरताना नाव सांगून जाणार, आणि मे महिन्यातल्या बैठकीत उरलेल्या सतराही जणांनी हात वर केला तरच त्यानं ठरलेली रक्कम भरायची आणि त्या नावाची पट्टी ठोकायची.

आणखी एक रीत होती, आणि ही गोष्ट सगळी त्या रीतीची आहे. केबिनच्या खाली नदी वळते तिथं एक गोल, खोल डोह. त्याला ते किटली म्हणायचे. सकाळी किटलीत पहिला गळ पाहुण्याचा. पाहुणा पाण्यात उतरून गळ टाकत नाही तोवर एकाही सभासदानं पाण्यात पाय घालायचा नाही, सगळ्यांनी काठावर थांबायचं.

एकोणऐंशीच्या सप्टेंबरात एर्नी लहूला पहिल्यांदा घेऊन गेला तेव्हा ही रीत त्यानं आधी सांगितलीच नव्हती. सकाळची वेळ, पाण्यावर धुकं. काठावर सात गोरे म्हातारे गळाची छडी घेऊन उभे. लहू मागं, सवयीनं सगळ्यांच्या मागं. एर्नीनं त्याच्या पाठीला हात लावला. "जा."

"मी?"

"तू पाहुणा आहेस. सगळे तुझ्यासाठी खोळंबलेत. कॉफी थंड व्हायच्या आत जा."

लहू उतरला. गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत, कमरेपर्यंत. त्याच्या आधी त्या सकाळी त्या पाण्यात कुणी उतरलं नव्हतं. त्यानं कसाबसा गळ फेकला, तो झाडाच्या फांदीत अडकला आणि काठावरचे सातही जण मनापासून हसले. लहूला मात्र हसू आलं नाही.  पाणी फार थंड आहे असं त्यानं एर्नीला सांगितलं, आणि एर्नीनं ते मानल्यासारखं केलं.

लहूच्या गावाला मोठा मालगुजारी तलाव होता. पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, आंब्याची झाडं, आत कमळं आणि मासोळीचा तर सुकाळ. लहूचा बाप जगन्नाथ मासे धरण्यात असा तरबेज की पाण्यावरचा बुडबुडा बघून खाली वाघूर आहे की मरळ ते सांगायचा. पण तलाव त्याच्या वस्तीचा नव्हता. पाणी भरायला नाही, गुरं धुवायला नाही, मासोळीचं तर नावच नको. तो आपला नाल्यात, धानाच्या बांधीत साचलेल्या पाण्यात हात मारायचा. पन्नास सालच्या पावसात तलाव भरून सांडव्यावरून वाहू लागला. सांडव्याखालचं पाणी तर वाहून जाणारं, ते कुणाचं, असं समजून जगन्नाथनं तिथं गरी टाकली. आठ वर्षांचा लहू बापासंगं होता. चार जण आले. त्यांनी वेळूची काठी गुडघ्यावर मोडली, धरलेल्या मासोळ्या चिखलात तुडवल्या आणि जगन्नाथला म्हणाले, तुयी सावली पडली, आता पानी काय आमी प्यायचं?

दोघं घरी आले. दाराशी बाप म्हणाला, "लहू, जे पानी आपलं नाई, त्यात सावली पन टाकू नोको."

त्यानंतर जगन्नाथ तलावाच्या पाळीवर कधी चढला नाही. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आला आणि घरातले देव पाण्यात सोडायचे ठरले, तेव्हा देव सोडायलासुद्धा तलाव नव्हता. टोपलीत देव घालून तो दोन कोस चालत चुलबंदी नदीवर गेला. पुढं दिवस पालटले, तलाव सगळ्यांना खुला झाला, गावात मासेमारांची सोसायटी झाली. लोक म्हणायचे, जगन्नाथभाऊ, आता चला. तो म्हणायचा, "जाऊ द्या ना बाप्पा, आता मासोळीच पचत नाई." लहूनं अमेरिकेतून पैसे पाठवून अंगणात बोअर मारून दिली. उन्हाळ्यात वरच्या आळीच्या बायासुद्धा तिथं घागरी घेऊन यायच्या आणि जगन्नाथ स्वतः उठून हापसायचा.

बापाचं ते वाक्य लहूनं गाठीला बांधून ठेवलं होतं. किटलीत उभा होता त्याच सकाळी त्यानं मनाशी ठरवलं, बापाला इथं आणायचं. पण असं नाही. दुसऱ्याच्या मेहरबानीवर नाही. या पाण्यावर आपलं नाव लागेल त्या दिवशी आणायचं.

हे बोलायला सोपं. अठरा हिस्से, आणि म्हातारे चिवट. दरवर्षी सप्टेंबरात लहू एर्नीचा पाहुणा होऊन जायचा आणि खुंट्यांखालची नावं वाचायचा. सुजाताला हे सगळं थोतांड वाटायचं. "सकाळी पाणातिपाता वेरमणी, जीव मारनार नाई, म्हणून हात जोडायचे आन दुपारी गळ टाकायला जायचं. अहो, कोन्या देशाचं पंचशील आहे हे?"

"तो मासा अंडी घालून तसाही मरतेच ना," लहू म्हणायचा.

"मरू द्या ना मंग त्याच्या मरणानं. तुमी कायले घाई करून राहिले?"

एक्याण्णव साली जगन्नाथ अमेरिकेत आला. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत राहिला. पाच फूट एक इंचाचा म्हातारा, धोतर, वर लहूचा जुना कोट. नात प्रणिता कॉलेजात जायची. आजोबा मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघांचं कसं कोण जाणे पण चालायचं. एर्नीनं सामनचा मोठा तुकडा पाठवला. सुजातानं त्याचा झणझणीत रस्सा केला. जगन्नाथनं एक घास खाल्ला आणि चघळत राहिला.

"कशी आहे मासोळी, बाबा?" सुजातानं विचारलं.

"चांगली आहे ना. पन काटा कुठी आहे इच्यात? काट्याबिगर मासोळी म्हंजे भांडनाबिगर लग्न."

सप्टेंबर लागला. एर्नी तोवर रिटायर झाला होता, तरी तो मुद्दाम घरी आला. दारातच जगन्नाथला वाकून नमस्कार केला, लहूनं शिकवलेला 'जयभीम' घातला आणि लहूला म्हणाला, "शनिवारी तिघं जाऊ. एका हिश्शावर एकच पाहुणा चालतो, पण तू तर आता घरचाच झालास. वहीत तुझ्या वडिलांचं नाव लिहू."

लहू म्हणाला, "नको, एर्नी. पुढं कधीतरी."

"का?"

"त्यांना एवढा वेळ गाडीत बसवत नाही."

नागपूर ते डेट्रॉइट एवढं बसून आलेल्या माणसाविषयी हे उत्तर होतं. एर्नीनं विषय सोडून दिला. तो गेल्यावर जगन्नाथनं विचारलं, "काय म्हनत होता तुया दोस्त?"

"काही नाही बाबा. नदीवर चला म्हणत होता."

"मंग?"

"नेतो ना. आपलं स्वतःचं होऊ द्या, मग नेतो. दुसऱ्याच्या पाण्यावर कायले जायचं?"

जगन्नाथनं मान हलवली. त्या शनिवारी आणि पुढच्या सगळ्या शनिवारी तो खिडकीशी बसून झाडावरच्या खारी बघत राहिला. ऑक्टोबरात परत गेला. विमानतळावर म्हणाला, "तुयी नदी पाहाची राह्यली." लहू म्हणाला, पुढच्या वेळेस.

चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात एर्नीच्या फुप्फुसांना रोगानं धरलं. जन्मभर काच फुंकली, आता मेणबत्ती विझवण्याइतका दम उरला नाही. मार्चात लहू भेटायला गेला तर तो पाठीला तीन उशा लावून बसला होता. म्हणाला, "माझ्या खुंटीसाठी तुझं नाव दिलंय. बैठकीत वॉल्ट कुरकुरेल, पण तो नदीवरही कुरकुरतो." मग दम खाऊन म्हणाला, "त्या वर्षी तुझ्या वडिलांना तू का आणलं नाहीस ते मला समजलं नाही, असं समजू नकोस. पण मी त्यांना आनंदानं नेलं असतं, लू."

आठवड्यानं एर्नी गेला.

मेच्या बैठकीला लहू सूट घालून गेला. बाकीचे सगळे चौकड्यांच्या शर्टात. सेक्रेटरी वॉल्ट म्हणजे रिटायर झालेला पोस्टमन, भुवया पांढऱ्या आणि दाट. त्यानं चष्मा लावून सगळी कलमं वाचली. त्यातलं एक त्यानं दोनदा वाचलं. पाणी सरकारचं आहे, होडीतून कुणीही आलं तर अडवता येत नाही. तुम्ही घेताय तो काठ, पाणी नव्हे. "हे नीट कळलंय ना? पुष्कळांना वाटतं आपण नदी घेतली."

"कळलं," लहू म्हणाला. त्याला कळलं नव्हतं. त्याला ऐकूच आलं नव्हतं. सोळा हात वर झाले. वॉल्टनं सगळ्यांकडे बघितलं, भुवई खाजवली आणि सतरावा हात वर केला.

सुजाता म्हणाली, "एवढ्यात तर प्रणिताला गाडी आली असती. काठ घेऊन काय कपडे वाळत घालता?" पण बापासाठी आणलेली ती इवलीशी पाटलोण तिनं बघितली. कापडी पिशवीत घालून तिनंच ती कपाटात ठेवली.

तिकिटाचं ठरत होतं, व्हिसाची तारीख मिळाली होती, आणि जुलैत साकोलीच्या एसटीडी बूथवरून रवींद्रचा फोन आला. रवींद्र म्हणजे लहूच्या धाकट्या भावाचा मुलगा, जगन्नाथ त्याच्याकडेच राहायचा. बोअरच्या ओट्यावर शेवाळ झालं होतं, आजा कुणाची तरी घागर भरून देताना पाय घसरून पडला. खुब्याचं हाड मोडलं.

त्या सप्टेंबरात लहू नदीवर गेलाच नाही. बापाच्या आधी आपण त्या काठावर पाय ठेवायचा नाही, असं त्यानं आता धरलं. डेट्रॉइटकडे राहणारा पुण्याचा चारुदत्त मित्रमंडळींत म्हणाला, "अरे यार, मेंबरशिप घेतलीस आणि घरी बसलास? हे म्हणजे जिम जॉइन करून सोफ्यावर लोळण्यासारखं झालं." सगळे हसले. लहूनं पुन्हा एकदा तेच सांगितलं, पुढच्या वर्षी.

शहाण्णवच्या जानेवारीत तो गावी गेला. सामानात पाटलोण घेतली.

जगन्नाथ अंगणात उन्हाला बाजेवर होता. आधीच अंग तेवढंसं, आता त्यातलंही अर्धं उरलेलं. पाटलोण बघून त्याचे डोळे चमकले. "आन इकडं. चढव मले." लहू आणि रवींद्रनं दोन्ही बाजूंनी धरून, दुखरा पाय सांभाळून, त्याला ती घातली. पट्टे खांद्यावर बसले. माप तंतोतंत. बाजेवर पाय लांब करून तो बसला, डोक्याला फडक्याची टापशी, छातीपर्यंत हिरवं रबर. बोअरवर आलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

"चंद्रावर चालले का जगन्नाथमामा?"

"चंद्रावर नाई व माय. पोराच्या नदीवर." मग लहूकडे वळून, "सांग बरं, तिथी कसं असते? पयले कोन उतरते पान्यात?"

लहूनं सांगितलं. किटली सांगितली, धुकं सांगितलं, खुंट्या, वही. आणि पाहुण्याची रीत सांगितली. एकोणऐंशी साली सात जण काठावर थांबले होते आणि आपण एकटे कसे उतरलो तेही. हे त्यानं बापाला आजवर कधी सांगितलं नव्हतं. नेऊ तेव्हा दाखवू, म्हणून राखून ठेवलं होतं.

जगन्नाथ ऐकत होता. रबरावरून हात फिरवत होता. बोअरची दांडी करकरत होती.

"म्हंजे त्या साली मी तुया दोस्तासंगं गेलो असतो, तं मी पयला उतरलो असतो?"

"हो बाबा."

"आन ते सारे काठावर उभे राह्यले असते?"

"हो."

"मी गरी टाकेपर्यंत?"

लहूनं मान हलवली.

"मंग नेलं काऊन नाई?"

आवाजात राग नव्हता. एखाद्या लेकराला वाट विचारावी तसं विचारलं.  लहू खाली बघत म्हणाला, "तुमीच म्हणत होते ना बाबा. जे पाणी आपलं नाही, त्यात सावली पण टाकू नये."

जगन्नाथ म्हणाला, "ते मी तलावाचं बोललो होतो रे. पाव्हन्याची गोष्ट अलग." मग हसल्यासारखं करून म्हणाला, "मले जन्मात कोनी पाव्हना म्हनून पान्यावर बलावलंच नोतं. मंग त्याचं तुले काय सांगू? मालूमच नोतं."

घागर भरली होती. बाई निघून गेली.

"येतो ना पन," जगन्नाथ म्हणाला. "पायात जरा बळ येऊ दे. हे काढ आता, आंगात लय गरम होऊन राह्यलं. आन नेजो वापस, इथी उंदीर कुरतडतीन."

लहू पाटलोण घेऊन परत आला. जुलैच्या सातव्या दिवशी सकाळी तो कामाला निघत असताना रवींद्रचा फोन आला. आजा झोपेतच गेला होता. वैनगंगेला पूर, रस्ते बंद, थांबायला कुणाला वेळ नव्हता. लहू पोचला असता तोवर सगळं आटोपलेलं असणार होतं. त्या रविवारी ॲन आर्बरच्या घरात चार-पाच कुटुंबं जमली, सुजातानं मेणबत्त्या लावल्या, सगळ्यांनी त्रिसरण-पंचशील म्हटलं. पाणातिपाताच्या ओळीला सुजातानं नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणत नव्हता. त्याचे नुसते ओठ हलत होते.

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी तिनंच त्याला उठवलं. "जा. नाही तर तो काठ सोडून द्या. घरात असं बसून नका राहू." कापडी पिशवी तिनं आधीच गाडीत ठेवली होती.

चार तासांची वाट. पोचला तेव्हा धुकं अजून उठलं नव्हतं. केबिनमध्ये कुणी नव्हतं, सगळे खाली काठावर गेले होते. कॉफीचा वास तेवढा होता. एर्नीच्या खुंटीखाली नवी पितळी पट्टी, तिच्यावर लहूचं नाव बरोबर स्पेलिंगात. वॉल्टनं स्वतः कोरून घेतलं होतं म्हणे. वर्षभर ती खुंटी रिकामी होती. लहूनं पिशवीतून लहान पाटलोण काढली आणि खुंटीला अडकवली. शेजारच्या लांबलचक पाटलोणींमध्ये ती शाळेतल्या पोराची वाटत होती.

मग त्यानं वही ओढली. तारीख घातली. सभासदाच्या रकान्यात लिहिलं, लहू रामटेके. पुढं पाहुण्याचा रकाना. तिथं त्यानं लिहिलं, जगन्नाथ रामटेके. इंग्रजीत लिहिलं, सगळ्यांना वाचता यावं म्हणून.

तो खाली गेला. किटलीच्या काठावर पाच जण होते. आज कुणाचाच पाहुणा नव्हता, त्यामुळं दोघं-तिघं पाण्यात उतरायच्या बेतात. लहूला बघून त्यांनी टोप्यांना हात लावला. एक जण म्हणाला, "शेवटी आलास. ये, उतर."

"मला पाहुणा आहे," लहू म्हणाला.

त्यांनी त्याच्या मागं बघितलं. पायवाट रिकामी होती.  एवढ्यात वर केबिनचं दार वाजलं आणि वॉल्ट सावकाश उतरत खाली आला. कॉफी घ्यायला तो मागच्या वाटेनं वर गेला होता. त्यानं वही बघितली असणार, आणि खुंटीवरचं ते लहान मापही. एर्नीनं त्याला काय-काय सांगून ठेवलं होतं, लहूला कधीच कळलं नाही. वॉल्ट त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. पाण्यात एक पाय घातलेल्या माणसाकडे त्यानं भुवया उचलून बघितलं. त्या माणसानं पाय काढून घेतला.

सहाही जण ओळीनं उभे राहिले. छड्या खाली टेकवलेल्या. डोहात खोलवर काळसर पाठी हलत होत्या, वरचं पाणी मात्र स्वच्छ. त्याला कुणाचा पाय लागला नव्हता, कुणाची सावली पडली नव्हती. धुकं हळूहळू पातळ झालं. पलीकडच्या पाइनच्या शेंड्यांवर ऊन आलं. एक सामन धपकन उसळून पडला, वर्तुळं काठापर्यंत आली आणि विरली. कुणी हललं नाही.

बऱ्याच वेळानं वॉल्ट खाकरला. पाण्याकडेच बघत त्यानं हळूच विचारलं, "टाकला का त्यांनी?"

लहूनं मागच्या पायवाटेकडे वळून बघितलं.

"नाही अजून," तो म्हणाला. "पायानं अधू आहेत. उतरायला वेळ लागतो. जरा थांबा."

वॉल्टनं मान हलवली, टोपी काढून काखेत धरली, आणि सगळे थांबले.